वही कोणाच्या हाती?

दिवाळीच्या आधीच्या पुष्य नक्षत्रावर इंदूरच्या बाजारात आजही लाल कापडी बांधणीच्या वह्या विकल्या जातात. लक्ष्मीपूजनाला त्यांवर कुंकवाने स्वस्तिक काढले जाते, पहिल्या पानावर 'श्री' लिहिली जाते आणि बहुतेक दुकानांत ती वही पुढे वर्षभर उघडली जात नाही, कारण हिशोब केव्हाच संगणकावर गेला आहे. यात खेद करण्यासारखे काही नाही. साधने बदलतात आणि बदललीच पाहिजेत. मला अस्वस्थ करते ती गोष्ट वेगळी आहे. जुनी वही शेठजी रोज रात्री स्वतः वाचत असत. संगणकातली वही वाचणारे मालक सियागंजाच्या घाऊक बाजारात, महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये किंवा इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीतल्या लहान शेडमध्ये मला फार थोडे भेटले. ती वही करसल्लागार वाचतो, बँक वाचते, ज्या मोठ्या कारखान्याला आपण माल पुरवतो तो वाचतो आणि ज्या ऑनलाइन बाजारात आपण माल मांडतो तो तर ती रात्रंदिवस वाचत असतो. माझे म्हणणे असे आहे, की माहिती यंत्रणा ही हिशोबाची किंवा करभरणीची सोय एवढीच मानली गेल्यामुळे आपल्या लहान व्यापाऱ्यांचे आणि कारखानदारांचे मोठे नुकसान होत आहे. स्पर्धेत कोणत्या बळावर उभे राहायचे हा निर्णय आणि कोणती माहिती कशी ठेवायची हा निर्णय हे मुळात एकच आहेत, आणि तो आपण घेतला नाही तर आपल्या वतीने दुसरे कोणी तरी घेते.

माहितीचा तुटवडा आहे असे कोणी म्हणू नये. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल, सक्तीचे झाले आणि ती मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमुळे गल्ल्यातल्या रोकडीचा मोठा भागही नोंदीत आला. कोणता माल, कोणाला, कोणत्या दिवशी, कोणत्या दराने गेला आणि पैसे कधी आले, हा जो तपशील जमवायला वीस वर्षांपूर्वी स्वतंत्र माणूस ठेवावा लागला असता, तो आज कायद्याच्या धाकाने आपोआप जमा होतो. दर महिन्याच्या ११ तारखेला विक्रीच्या तपशिलाचे जीएसटीआर-१ हे विवरणपत्र जाते, २० तारखेला करभरणीचे ३बी जाते, आणि २१ तारखेला त्या माहितीकडे कोणी पाहत नाही.

मी पीथमपुरात सत्तावीस वर्षे उत्पादनखर्चाच्या हिशोबाचे काम केले. त्यातला एक अनुभव इथे सविस्तर सांगितला पाहिजे, कारण या विषयावरचे माझे सगळे मत त्यातूनच तयार झाले. वाहनांचे सुटे भाग करणारा तो कारखाना होता. नाव सांगण्याची गरज नाही. मालकांनी बराच खर्च करून ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशोब एकत्र ठेवणारी संगणक यंत्रणा, घेतली. ती कशासाठी घ्यायची हा प्रश्न बैठकीत निघाला तेव्हा उत्तर मिळाले, की मोठा ग्राहक तपासणीला येतो तेव्हा विचारतो. सॉफ्टवेअर बसवणारे लोक आले, चार महिने राहिले आणि गेले. मालाची यादी भरताना एकाच बोल्टला तीन नावे मिळाली: खरेदी विभागाने पुरवठादाराच्या बिलावरचे नाव घातले, ड्रॉइंग विभागाने मापाचे घातले, आणि स्टोअरकीपरने ज्या नावाने तो वर्षानुवर्षे ओळखत होता ते घातले. परिणामी संगणकात साठा शून्य दिसे, फडताळात दोन पोती भरलेली असत आणि तरीही नवी खरेदी निघे. चार वेळा असे झाल्यावर प्रत्येकाने आपापली जुनी रजिस्टरे पुन्हा बाहेर काढली, आणि ईआरपीत आठवड्याचे आकडे शनिवारी संध्याकाळी एकदम भरण्याची पद्धत पडली. अशा यंत्रणेत सोमवारची अडचण शनिवारी कळते, म्हणजे ती कळून काही उपयोग होत नाही.

पण खरे नुकसान याहून खोल होते. तो कारखाना भागांची किंमत मुख्यतः वजनावर ठरवत असे, कारण मालकांच्या वडिलांनी तसेच केले होते. मी एकदा तीन महिने प्रत्येक यंत्रापाशी उभे राहून साचा बदलायला लागणारा वेळ मोजला. हजारांच्या संख्येने लागणाऱ्या भागांत आम्ही मोठ्या कारखान्यांशी दराने स्पर्धा करत होतो आणि जेमतेम तगत होतो. पन्नास-शंभरच्या संख्येने तातडीने लागणारे भाग मात्र आम्ही चार दिवसांत देत होतो, जे इतरांना तीन आठवडे लागत. आणि त्या तातडीचा एक रुपयाही आम्ही जास्त घेत नव्हतो. आमच्या कारागिरांचे खरे कसब झटपट साचा बदलण्यात होते. ग्राहक त्यासाठीच आमच्याकडे येत होता, आणि हे आम्हालाच माहीत नव्हते. प्रत्येक ऑर्डर आल्याची तारीख आणि माल निघाल्याची तारीख ईआरपीत पहिल्या दिवसापासून होती. त्या दोन तारखांमधले अंतर ग्राहकवार आणि भागवार काढून पाहावे, असे पाच वर्षांत कोणाच्या मनात आले नाही, कारण यंत्रणा घेताना आपण कशात सरस आहोत आणि कशात व्हायचे आहे हा प्रश्नच विचारला गेला नव्हता. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

हा प्रश्न आधी विचारावा लागतो, हे व्यवस्थापनशास्त्राने चाळीस वर्षांपूर्वीच सांगितले आहे. स्पर्धेच्या डावपेचांचे अभ्यासक मायकेल पोर्टर आणि त्यांचे सहलेखक व्हिक्टर मिलर यांनी १९८५ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये मांडले, की माहितीचे तंत्रज्ञान एखाद्या खात्यापुरते राहत नाही. कच्चा माल आत येण्यापासून विक्रीनंतरच्या सेवेपर्यंतच्या प्रत्येक पायरीवर ते खर्च बदलू शकते, मालाचे वेगळेपण बदलू शकते आणि खुद्द धंद्याची हद्दही बदलू शकते. पोर्टर यांनी स्पर्धेचे मार्ग ढोबळमानाने तीन सांगितले: सगळ्यांपेक्षा कमी खर्चात काम करणे, ग्राहक ज्यासाठी जास्त पैसे देईल असे वेगळेपण देणे, किंवा बाजाराचा एखादा लहान कोपरा निवडून त्याची गरज इतर कोणाहीपेक्षा नीट भागवणे. या प्रत्येक मार्गाला लागणारी माहिती निराळी असते. कमी खर्चाच्या मार्गावर वाया गेलेला माल, वीज आणि यंत्राचा रिकामा वेळ यांची तासातासाची नोंद हवी. वेगळेपणाच्या मार्गावर तक्रारींची आणि परत आलेल्या मालाची हवी. लहान कोपऱ्याच्या मार्गावर एकेका ग्राहकाच्या सवयीची हवी. मार्ग न ठरवता घेतलेले सॉफ्टवेअर सगळीच माहिती थोडी थोडी जमवते आणि कोणत्याच निर्णयाला पुरी पडत नाही.

यावर एक जुना आणि वजनदार आक्षेप आहे. तंत्रज्ञानावर लिहिणारे लेखक निकोलस कार यांनी २००३ मध्ये त्याच नियतकालिकात लिहिले, की संगणक आता वीज आणि रेल्वेसारखा झाला आहे. तो सगळ्यांकडे असल्यामुळे त्याने कोणालाच आघाडी मिळत नाही, म्हणून त्यावर कमी खर्च करावा आणि नव्या तंत्रामागे आधी धावू नये. यंत्र आणि सॉफ्टवेअर यांच्यापुरते हे मला पूर्ण मान्य आहे. शेजारच्या दुकानात जे हिशोबाचे सॉफ्टवेअर आहे तेच आपल्याकडे असेल तर त्यात मिरवण्यासारखे काही नाही. पण त्या सॉफ्टवेअरमध्ये साठलेली आपल्या ग्राहकांची, आपल्या कारागिरांची आणि आपल्या मालाची माहिती शेजाऱ्याकडे नसते, आणि ती पाहून सकाळी निर्णय बदलण्याची सवय तर बाजारात विकतच मिळत नाही. वीज सगळ्यांकडे असते म्हणून सगळ्या गिरण्यांचे पीठ सारखे होत नाही.

या सगळ्याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या माळव्यातच घडले, आणि त्याची चर्चा आपल्यापेक्षा परदेशातल्या व्यवस्थापन संस्थांत जास्त झाली. आयटीसी या कंपनीने जून २००० मध्ये मध्य प्रदेशातल्या सोयाबीनच्या पट्ट्यात ई-चौपाल सुरू केली. त्यापूर्वीची रीत इथल्या प्रत्येकाने पाहिलेली आहे. शेतकरी ट्रॉली भरून मंडीत येई, त्या दिवशीचा भाव त्याला तिथे पोहोचल्यावर कळे, लिलावात मिळेल तो दर घ्यावा लागे कारण माल परत नेण्याचे भाडे परवडत नसे, तोलाईत आणि सांडलवंडीत काही जाई, आणि पैसे कधी कधी दोन-तीन खेपांनी मिळत. कंपनीने गावातल्याच एका विश्वासू शेतकऱ्याच्या घरी संगणक बसवला. दूरध्वनीची तार भरवशाची नव्हती म्हणून उपग्रहाची जोडणी दिली, आणि वीज भरवशाची नव्हती म्हणून सौर पट्टी आणि बॅटरी दिली. त्या शेतकऱ्याला संचालक म्हटले गेले. त्याच्या पडद्यावर आसपासच्या मंड्यांचे भाव, हवामान आणि कंपनीचा उद्याचा खरेदीदर दिसे. शेतकऱ्याने तो दर पाहावा, पटला तर माल कंपनीच्या केंद्रावर न्यावा, न पटला तर मंडीत जावे. केंद्रावर इलेक्ट्रॉनिक काटा आणि पूर्ण रक्कम लगेच हातात.

यात संगणकाचा वाटा किती आणि काट्याचा किती, हा विचार मी अनेकदा केला आहे. भाव आदल्या दिवशी कळणे ही माहिती होती. पण ती विश्वासार्ह ठरली ती काटा बरोबर होता म्हणून, पैसे त्याच दिवशी मिळाले म्हणून आणि सांगणारा माणूस गावातलाच होता म्हणून. कंपनीने आडत्यांनाही पूर्ण वगळले नाही. त्यांतल्या अनेकांना संयोजक म्हणून मालाच्या हाताळणीत सामावून घेतले. मंडीचे शुल्क भरून आवाराबाहेर खरेदी करायला राज्य सरकारची परवानगी मिळवली. म्हणजे पडदा, काटा, रोख रक्कम, कायदा आणि माणूस अशा पाच गोष्टी एकाच उद्देशाने जुळवल्या गेल्या, आणि तो उद्देश आधी ठरलेला होता: हवा त्या प्रतीचा सोयाबीन, मधल्या हातांचा खर्च टाळून, थेट गावातून मिळवणे. कंपनीचा फायदा झालाच. शिवाय २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात असेही आढळले, की जिथे अशी केंद्रे आली तिथल्या मंड्यांमध्येही सोयाबीनचा भाव सरासरी १ ते ३ टक्क्यांनी वाढला. शेतकरी घरूनच भाव पाहून निघू लागला, तेव्हा मंडीतल्या व्यापाऱ्यालाही बोली वाढवावी लागली.

पुढे काय झाले तेही महत्त्वाचे आहे. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला, १४ एप्रिल २०१६ रोजी ई-नाम ही राष्ट्रीय कृषी बाजाराची यंत्रणा सुरू झाली, आणि भाव कळणे ही कोणाची मक्तेदारी उरली नाही. जी माहिती २००० मध्ये दुर्मीळ होती ती वीस वर्षांत सर्वांची झाली. आघाडी अशीच झिजते. म्हणून यंत्रणा एकदा बसवली की झाले, ही समजूत ती न बसवण्याइतकीच घातक आहे.

माहितीच्या जोरावर मिळालेली आघाडी दुसऱ्याच्या गळ्याशी कशी येते, याचे उदाहरण विमानधंद्यात सापडते. अमेरिकन एअरलाइन्सने आयबीएमच्या साह्याने उभारलेली सेबर ही आरक्षण यंत्रणा १९६० च्या दशकात पूर्णपणे कामाला लागली आणि १९७६ पासून तिचे पडदे तिकीट दलालांच्या कार्यालयांत बसू लागले. दलाल बहुतेक तिकिटे पहिल्याच पडद्यावर दिसणाऱ्या उड्डाणांमधून काढत. पहिल्या पडद्यावर काय दिसावे हे ठरवणारी कंपनी स्वतःही विमाने उडवत होती. प्रतिस्पर्धी कंपन्यांची उड्डाणे मागच्या पडद्यांवर ढकलली जात असल्याच्या तक्रारी वाढल्या, आणि अखेर १९८४ मध्ये अमेरिकेच्या नागरी विमान मंडळाला अशा पक्षपाती मांडणीविरुद्ध नियम करावे लागले.

आज इंदूरचा साडीवाला किंवा नमकीनवाला ऑनलाइन बाजारात माल मांडतो तेव्हा त्याची जागा त्या मागच्या पडद्यावरच्या विमान कंपनीची असते. तो माल विकतो, पण त्याचा ग्राहक कोण, त्याने आधी काय पाहिले, काय टोपलीत टाकून काढून घेतले, कोणत्या किमतीला थबकला, यांतले जवळजवळ काहीच त्याला कळत नाही. ते सगळे बाजार चालवणाऱ्याला कळते. युरोपीय आयोगाने ॲमेझॉनची चौकशी केली ती नेमकी याच मुद्द्यावर, आणि डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने विक्रेत्यांची खाजगी माहिती स्वतःच्या किरकोळ विक्रीसाठी न वापरण्याची बांधीलकी स्वीकारली. भारतातही स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये दोन मोठ्या ऑनलाइन बाजारांच्या व्यवहाराची चौकशी करण्याचा आदेश दिला. ऑनलाइन विकूच नये असे मी म्हणत नाही. बाहेरगावचा ग्राहक हवा असेल तर तो मार्ग धरावाच लागेल. पण पुड्यासोबत स्वतःचा पत्ता-फोन असलेली चिठ्ठी घालणे, दुसऱ्यांदा थेट मागवणाऱ्याची स्वतंत्र नोंद ठेवणे, एकाच बाजारावर निम्म्याहून अधिक विक्री जाऊ लागली तर धोक्याची घंटा समजणे, एवढे तरी व्यापाऱ्याच्या हातात आहे. आणि ग्राहकाची माहिती आपल्याकडे येऊ लागली, की तिची जबाबदारीही येते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ती कायद्याची जबाबदारी ठरवली आहे. गल्ल्यावर सरसकट मोबाइल क्रमांक विचारून ती यादी जाहिरातवाल्याला देणे हा साधा अप्रामाणिकपणा आहे.

लहान धंद्याला हे जमेल का, असे विचारणाऱ्यांना मी नमकीनचेच उदाहरण देतो, कारण ते इंदुरात समजावून सांगावे लागत नाही. शेव-मिक्स्चर करणाऱ्याची 'विक्री' म्हणजे त्याने वितरकाला दिलेला माल. महिनाअखेरीस सूट जाहीर झाली की वितरक गोदाम भरतो आणि आकडा फुगतो. दुकानातून ग्राहकाने किती पुडे नेले, हे मालकाला कळत नाही; कळते ते अडीच-तीन महिन्यांनी, मुदत संपलेले पुडे परत येतात तेव्हा. तोवर त्याच मालाचे आणखी दोन घाणे निघालेले असतात. इथे ज्या एका माहितीने धंदा बदलेल ती आहे दुकानवार साप्ताहिक उठाव. त्यासाठी कोट्यवधींचे सॉफ्टवेअर लागत नाही. पुड्यावरचा बॅच क्रमांक, फेरीवर जाणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर भरायचे चार रकाने आणि परत आलेल्या प्रत्येक पुड्यावर तो कोणत्या दुकानातून आला याची नोंद, एवढ्यावर सुरुवात होते. त्यातून कळते, की लसणाची शेव राजवाड्याच्या बाजूला आठवडाभरात संपते आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला महिनाभर पडून राहते. मग ताजा माल हे त्या कारखान्याचे वेगळेपण होऊ शकते आणि पुड्यावर तळल्याचा आठवडा छापण्याचे धैर्य त्याला येते. मोठ्या कंपनीला, जिचा माल तीन गोदामे फिरून येतो, हे करता येणे अवघड आहे.

या कामात पैशापेक्षा मोठी अडचण गुप्ततेची आहे, आणि तिच्याबद्दल मोकळेपणाने बोलले जात नाही. आपल्याकडे धंद्याची माहिती मालकाच्या डोक्यात असणे हीच सुरक्षितता मानली जाते. मुनीमजींना अर्धे माहीत, भावाला पाव, मुलाला काहीच नाही. लिहून ठेवले तर नोकर फोडेल, भागीदार भांडेल, कर अधिकारी पकडेल, ही भीती पिढ्यानपिढ्यांची आहे आणि ती अगदीच निराधार आहे असेही नाही. माझ्या वडिलांच्या एका स्नेह्यांचे औषधांचे घाऊक दुकान होते. माळव्यातल्या गावोगावच्या केमिस्टांची उधारी, कोणाला किती दिवस द्यायचे, कोणाचा शब्द पक्का आणि कोणाला नवरात्रानंतरच आठवण करायची, हे सारे त्यांना तोंडपाठ होते. त्या स्मरणशक्तीच्या बळावर त्यांनी चाळीस वर्षे मोठ्या वितरकांना पुरून उरणारा धंदा केला. ते अचानक गेले. मुलांच्या हाती आल्या त्या तीन डायऱ्या, आणि त्यांतली अर्धी नावे 'उज्जैनवाले भाऊ', 'देवासचे काका' अशी. बिले संगणकावर होती, पण कोणाशी कसे वागायचे हे बिलावर नसते. वर्षभरात जुनी येणी बुडाली, आणि त्याहून वाईट म्हणजे चांगल्या ग्राहकांना मुलांनी परक्यासारखे तगादे लावल्यामुळे ते दुखावून दुसरीकडे गेले. वडिलांच्या त्या स्नेह्यांची माहिती यंत्रणा उत्तम होती. ती फक्त एका माणसाबरोबर संपणारी होती.

म्हणून माहिती लिहून काढणे आणि कोणी काय पाहावे हे ठरवणे या दोन्ही गोष्टी एकत्रच करायच्या असतात. फेरीवर जाणाऱ्या मुलाला त्याच्या दुकानांचे आकडे दिसावेत, खरेदीचा दर दिसू नये. मुनीमजींना येणी दिसावीत, भागीदारीचे हिशोब दिसू नयेत. बहुतेक साध्या सॉफ्टवेअरमध्येही ही सोय असते, पण मी पाहिलेल्या दहा दुकानांपैकी नवांत सगळे एकाच पासवर्डने काम करतात आणि तो पडद्याच्या कडेला कागदावर लिहून चिकटवलेला असतो. गुप्ततेची एवढी चिंता असलेल्या घरांनी रोजची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवण्याकडेही दुर्लक्ष करावे, हे मला फार खुपते.

इंदूरकरांना माहितीचे बळ पटवायला खरे तर दूर जावे लागू नये. २०१७ पासून वर्षामागून वर्षे स्वच्छ सर्वेक्षणात शहर पहिले आले, त्यामागे सफाई कामगारांचे कष्ट आणि नागरिकांची शिस्त होतीच. पण कचरागाड्यांवर जीपीएस होते, कोणती गाडी कोणत्या गल्लीत गेली नाही हे नियंत्रण कक्षात दिसत होते, आणि त्यावर लगेच विचारणा होत होती. पडद्यावर दिसणे आणि त्यावर कारवाई होणे यांत आठवडा गेला असता तर ती यंत्रणा माझ्या जुन्या कारखान्याच्या ईआरपीसारखीच शोभेची ठरली असती.

आणि माणसांचे म्हणाल, तर ती आपल्या घरातच आहेत. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर इथल्या कितीतरी मराठी घरांतली मुले-मुली सुपर कॉरिडॉरवरच्या टीसीएस आणि इन्फोसिसमध्ये किंवा पुण्या-बंगळुरात नेमके हेच काम करतात: दुसऱ्या देशांतल्या दुकानांचा साठा, विमा कंपन्यांचे दावे, बँकांची येणी यांची माहिती लावून देणे. आपल्या शहरातल्या व्यापाऱ्याकडे त्याच मुलीने नोकरी मागितली तर तिला बिले टाइप करायला बसवले जाते आणि पगारही त्या कामाचाच दिला जातो. आपण इंदूरचे मराठी लोक पिढ्यानपिढ्या बहुतेक नोकरीपेशातले, व्यापारापासून जरा अंतर राखून राहिलेले. त्यामुळे ही दरी आपल्याला दिसतही नाही. पण माहितीचे काम जाणणारी पिढी एका बाजूला आणि माहितीशिवाय लढणारा बाजार दुसऱ्या बाजूला, असे एकाच शहरात असणे ही आपल्या सर्वांची हानी आहे.

एकट्या दुकानदाराने अशी मुलगी पूर्ण पगारावर ठेवावी ही अपेक्षा मात्र चुकीची ठरेल. इथे व्यापारी संघटना, औद्योगिक संघ आणि सहकारी बँका यांनी पुढे यायला हवे, आणि या लेखात मला ज्याचा आग्रह धरायचा आहे तो हा मुद्दा आहे. एका व्यापारातल्या वीस-पंचवीस सभासदांनी मिळून एक विश्लेषक नेमावा. मालाच्या नावांची एक समान यादी करावी, म्हणजे एका बोल्टला तीन नावे राहणार नाहीत. प्रत्येकाला स्वतःचे आकडे आणि सगळ्यांची सरासरी एवढेच दिसावे. शेजाऱ्याचे आकडे कोणालाच दिसू नयेत. या सरासरीत विक्रीचे दर मुळीच नसावेत, कारण दर एकमेकांना कळवून ठरवणे हा स्पर्धा कायद्याचा भंग होतो. वाया जाणारा माल, येणी वसूल व्हायला लागणारे दिवस, परत येणारे पुडे यांचीच तुलना असावी. येण्यांच्या या नोंदी सभासदाच्या संमतीने सहकारी बँकेला दिल्या, तर तारण ठेवायला जमीन नसलेल्या पण वेळेवर वसुली असलेल्या धंद्याला कर्ज देताना तिला भक्कम आधार मिळेल.

अशा संस्थेची घटना लिहिताना दोन कलमे मी पहिल्या दिवशीच मागेन. सभासद बाहेर पडला तर त्याची सगळी माहिती त्याला वापरता येईल अशा रूपात पंधरा दिवसांत परत मिळावी आणि संस्थेकडची प्रत पुसली जावी. आणि सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीशी होणाऱ्या करारात, ती माहिती त्या कंपनीला दुसऱ्या कोणालाही विकता किंवा दाखवता येणार नाही, हे वाक्य मराठीत आणि हिंदीतही लिहिलेले असावे, म्हणजे सही करणारा ते स्वतः वाचून सही करील.